खराब होती केबल, बदलली हार्डडिस्क

कॉम्प्युटरवरचं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) 20.04 काढून 24.04 टाकलं आणि त्याच दिवशी कॅबिनेट उघडून नवी रॅमही बसवली. दुसऱ्या दिवसापासून मशीन मध्येच दहा-पंधरा सेकंद अडकायला लागलं. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींमध्ये, लाल ओळी, त्यात सारखं 'आयसीआरसी', म्हणजे डिस्कशी डेटाची ने-आण चुकल्याचा एरर. डिस्कवर मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते, बॅकअप अर्ध्याचाच. घाबरून मी सीपीयू उचलला आणि मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला.

दुकानदार म्हणाला, "काका, नवीन लिनक्सने हार्डडिस्क खाल्ली." डेटा रिकव्हरीचे 4,500 आणि नव्या एक टीबी डिस्कचे 3,800 सांगितले. "पक्कं बिल केलं तर जीएसटी पडेल, कच्च्यावरच घ्या." मी ऐकलं. दोन तासांत सगळा डेटा निघाला, एकही फाइल न गमावता. मेलेल्या डिस्कमधून असा डेटा निघतो का, हे मी तिथेच विचारायला हवं होतं.

घरी आलो, तर तेच एरर. आठवडाभर झगडल्यावर भाच्याने स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवून दाखवलं. 'नव्या' डिस्कचे पॉवर ऑन अवर्स 21,340! म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं सतत चाललेली डिस्क. बाहेर काढून पाहिली, तर स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे आणि लेबलचा एक कोपरा उचललेला. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी कधीच संपलेली.

दुकानात जाण्याआधी मी जुन्या डिस्कच्या अशाच तब्येतीच्या रिपोर्टचा फोटो काढला होता. तो भाच्याने नीट वाचला. 5 नंबरचे रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले डिस्कचे तुकडे) शून्य, 197 नंबरचे पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले) हेही शून्य. फक्त 199 नंबरचा सीआरसी एरर काउंट, म्हणजे ने-आणीत डेटा बिघडल्याची मोजणी, 214. पहिले दोन वाढले तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय असं समजायचं. 199 वाढतो तेव्हा बहुतेक वेळा डिस्क आणि मदरबोर्डमधली साटा केबल किंवा तिचं कनेक्शन बिघडलेलं असतं. हा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. रॅम बसवताना माझा हात लागून केबल ढिली झाली असणार. लिनक्सचा काही दोष नव्हता, ते बिचारं चूक दाखवत होतं. 150 रुपयांची केबल बदलली, एरर बंद.

दुकानात परत गेलो, तर पहिला प्रश्न, "बिल आहे का?" ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. पण हातात चिठ्ठीसुद्धा नाही.

पैशांपेक्षा जास्त लागलंय ते वेगळंच. माझी चांगली, चालू डिस्क त्याने 'स्क्रॅप' म्हणून ठेवून घेतली. तिच्यावर घराचं अ‍ॅग्रीमेंट, पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, सगळं न पुसता तसंच आहे. मागायला गेलो तर म्हणतो, "ती भंगारात गेली." तुमची डिस्क मेली आहे असं कुणीही सांगितलं तरी ती तिथे सोडू नका, घरी घेऊन या. मी सध्या एकेक पासवर्ड बदलत बसलोय.