एअरली बीच ते उलुरू, रस्त्याने: ऑस्ट्रेलियातल्या ग्रुप बॅकपॅकिंग ट्रिपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं: ट्रिप मस्त आहे, घ्या, पण मधला लांबलचक रस्ता करायची तयारी असेल तरच घ्या. क्वीन्सलंडचे बीच आणि उलुरू दोन्ही बघायचं म्हटलं की आपले लोक सरळ विमान पकडतात, चार दिवस समुद्र, दोन दिवस तो लाल खडक, आणि मधला अख्खा देश खिडकीतून खाली तांबूस दिसतो तेवढाच. ही ट्रिप तो मधला भाग व्हॅनने कापते आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथेच.

कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण थोड्या तक्रारी पण आहेत आणि या प्रकारच्या ट्रिपला विचारायचे प्रश्न कुठेही सारखेच असतात. ढाचा असा: मिनीबस, मागे सामानाचा ट्रेलर, एक गाइड जो ड्रायव्हरही तोच आणि स्वयंपाकाचा प्रमुखही तोच, रात्री कधी हॉस्टेल तर कधी कॅम्प. मी जुलैमध्ये गेले, एकटी. ग्रुपमध्ये एकोणिसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतची माणसं होती, जर्मन, आयरिश, कोरियन, आणि निम्मी मुलं वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेली, शेतावर फळं तोडून पैसे साठवून फिरणारी. याच धर्तीचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांनाही मिळतो बरं का, वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा आणि लॉटरी पद्धत. वयात बसत असाल तर नक्की नाव टाका. बाकीच्यांना साधा व्हिजिटर व्हिसा, तो ऑनलाइन होतो.

सुरुवात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या एअरली बीचला. गाव छोटं आणि पूर्ण बॅकपॅकरांचं, रात्री दोनपर्यंत दणदणाट. गावातल्या बीचवर कोणी फारसं पोहत नाही, किनाऱ्यालगत मोठा फुकट लगून, म्हणजे कृत्रिम तलाव, बांधलाय तिथे सगळे डुंबतात, कारण साधारण नोव्हेंबर ते मे या भागात समुद्रात विषारी जेलीफिश असतात, बॉक्स जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी. जुलैत धोका कमी, तरी बोटीवर सगळ्यांना अंगभर लायक्राचा सूट दिला आणि मी म्हणते तो निमूटपणे घालावा, उन्हापासूनही बचाव होतो. किनाऱ्यावर ठिकठिकाणी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या जेलीफिशच्या डंखासाठीच.

एअरलीसमोरच्या समुद्रात व्हिटसंडेची ७४ बेटं आहेत, बोटीवर रात्रीचा मुक्काम धरून फिरवतात. व्हाइटहेवन बीचबद्दल इतकं ऐकलेलं की मनात धाकधूक होती, पण खरंच तसा आहे. सात किलोमीटर पांढरी वाळू, जवळजवळ ९८ टक्के सिलिका, भर दुपारी अनवाणी चाला, पाय भाजत नाहीत. वर टंग पॉइंटला चढून हिल इन्लेट बघायचं असतं, ओहोटीला. वाळू आणि पाणी एकमेकांत मिसळून निळ्या-पांढऱ्या लाटा ओढल्यासारखे पट्टे दिसतात. भरतीला गेलात तर फक्त निळं पाणी दिसेल, म्हणून बोट बुक करताना वेळ विचारून घ्या, आमच्या कॅप्टनने वेळ बरोबर साधली होती. जुलै-ऑगस्टमध्ये हंपबॅक व्हेल या पाण्यात येतात, आम्हाला एक मादी आणि पिल्लू दिसलं, बोटीचं इंजिन बंद करून सगळे गप्प बसलेलो.

स्नॉर्केलिंगबद्दल मात्र अपेक्षा नीट ठेवा. २०१७ च्या मार्चमध्ये डेबी चक्रीवादळ नेमकं इथेच धडकलं आणि बेटांभोवतीच्या प्रवाळाची खूप हानी झाली, त्यात ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ असं मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग झालंय, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलंय. काही ठिकाणी तळाला नुसते तुटलेले तुकडे, काही ठिकाणी नवीन वाढ आणि रंगीत मासे भरपूर. बोटीवरच्या मुलीने हे सगळं पाण्यात उतरायच्या आधी स्पष्ट सांगितलं, ब्रोशरमधले रंग दाखवून फसवलं नाही. याला माझे पूर्ण मार्क.

तिथून टाउन्सव्हिल पावणेतीनशे किलोमीटर, मग फेरीने मॅग्नेटिक आयलंड. बेटाचा अर्ध्याहून जास्त भाग नॅशनल पार्क आहे. फोर्ट्स वॉक करा, दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांच्या जागा अजून उभ्या आहेत आणि वाटेत झाडांवर रानातले कोआला दिसतात, पिंजऱ्यातले नाही. मी हॉर्सशू बेला संध्याकाळी पोहले, किनाऱ्यावर नारळ आणि पाठीमागे गोल ग्रॅनाइटचे धोंडे, कोकणातल्या माणसाला लगेच घरचं वाटेल असं ठिकाण.

आणि मग व्हॅनने समुद्राकडे पाठ केली.

इथून पुढचं सगळ्यात जास्त लिहायचंय कारण ट्रिपच्या जाहिरातीत यावर एक ओळ असते, "आउटबॅक ड्राइव्ह", आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड भाग. टाउन्सव्हिल ते माउंट आयझा जवळपास ९०० किलोमीटर, तिथून थ्री वेज नावाचा हायवेवरचा तिठा साडेसहाशेच्या घरात, मग देशाच्या मधोमध असलेलं ॲलिस स्प्रिंग्ज अजून पाचशेच्या वर. पहिल्या दिवशी चार्टर्स टॉवर्सच्या पुढे झाडं खुजी व्हायला लागतात, हिरवा रंग जातो, गवत पिवळं, माती आधी राखाडी मग तांबडी, आणि हे इतकं सावकाश होतं की नक्की कुठे बदललं ते बोट ठेवून सांगता येत नाही. रिचमंड नावाच्या छोट्याशा गावात थांबलो. गावाबाहेर जिकडे बघाल तिकडे सुकं सपाट माळरान, आणि गावातल्या म्युझियममध्ये काय तर समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म, प्लायोसॉर, इक्थियोसॉर, अख्खे सांगाडे. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या भागावर उथळ समुद्र होता. काल मी समुद्रात पोहले होते आणि आज पाचशे किलोमीटर आत येऊन जुन्या समुद्राच्या तळावर उभी होते. विमानाने गेलं असतं तर हे गाव आयुष्यात कळलं नसतं. आमच्या गाइडने या थांब्याला फक्त पाऊण तास दिलेला, आम्ही हट्ट करून वाढवून घेतला, तुम्ही पण घ्या.

क्लोनकरी हे पुढचं महत्त्वाचं गाव. १७ मे १९२८ ला फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या सेवेचं पहिलं विमान इथून उडालं, क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं. जॉन फ्लिन या पाद्र्याची ही कल्पना, त्याचं चित्र आज वीस डॉलरच्या नोटेवर आहे. नोट मी आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते, कोण आहे ते इथे कळलं. या सेवेची किंमत रस्त्यावरच समजते, कारण तासन्‌तास एक घर दिसत नाही, आणि आउटबॅकमध्ये काही ठिकाणी हायवेवरच पट्टे मारून विमान उतरवायची सोय केलेली असते. आमच्या व्हॅनमध्ये सॅटेलाइट फोन होता. बुक करण्याआधी हे विचाराच, नसेल तर त्या कंपनीबरोबर जाऊ नका.

माउंट आयझा खाणीचं शहर, शिसं, जस्त, चांदी, तांबं, १९२३ मध्ये साठा सापडला आणि त्यावर गाव वसलं. रात्री लुकआउटवरून खाणीची उंच धुरांडी आणि दिवे दिसतात, तेवढं पुरे. कॅमूवील हे क्वीन्सलंडचं शेवटचं गाव, पुढे बार्कली होमस्टेड या रोडहाऊसपर्यंत (हायवेवरचा पंप आणि खानावळ) अडीचशेहून जास्त किलोमीटर मध्ये एकही पंप नाही. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे, भारताशी फरक साडेचारचा बरोब्बर चार तास होतो, घरी फोन करायला सोपं, फक्त फोनला रेंज पाहिजे. टेल्स्ट्राचं सिम घ्या, बाकीची नेटवर्क या पट्ट्यात जवळपास नसल्यातच जमा, आणि टेल्स्ट्रासुद्धा गावाबाहेर पडलं की जातं. समोरून रोड ट्रेन येतात, एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब, बाजूने गेला की आपली व्हॅन हलते. गाइडने एक नियम कधीच मोडला नाही, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. एकदा जेवायला उशीर झाला तरी त्याने वेळेत कॅम्प लावला. अशा माणसावर भरवसा बसतो.

माझ्या मते ट्रिपमधली सगळ्यात सुंदर रात्र कार्लू कार्लूची. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर प्रचंड ग्रॅनाइटचे गोल दगड एकावर एक तोललेले, नकाशावर डेव्हिल्स मार्बल्स. दगडाचे बाहेरचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटत जातात म्हणून कोपरे झिजून असे गोल झालेत. २००८ मध्ये ही जागा मूळ मालकांना, तिथल्या आदिवासी समाजांना परत दिली गेली, त्यांच्यासाठी ती पवित्र आहे, दगडांवर चढू नका असं गाइडने आधीच बजावलं. आम्ही स्वॅगमध्ये झोपलो, म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी, आत गादी, उघड्या आकाशाखाली. जुलैत आकाशगंगा बरोब्बर डोक्यावर असते आणि गाइडने तिच्यातला काळा इमू दाखवला. तारे जोडून आकृती नाही करायची, ताऱ्यांमधल्या अंधारातून इमूचं डोकं, मान, अंग दिसतं. एकदा दिसला की मग रोज दिसतो. थंडी भयंकर, पहाटे तापमान शून्याजवळ. कंपनी "विंटर स्लीपिंग बॅग" भाड्याने देते, आमच्या वाट्याला आलेल्या पातळ आणि जुन्या होत्या, दोघातिघांना थंडीने झोप नाही लागली. थर्मल आणि कानटोपी घरून न्या, उष्ण देश म्हणून गाफील राहू नका.

जेवण. मी शाकाहारी. फॉर्ममध्ये लिहिलेलं असूनही पहिले दोन दिवस व्हेज म्हणजे पाव, सॅलड आणि चीज. तिसऱ्या दिवशी मी गाइडला सांगितलं की दादा, मला डाळ-तांदूळ दे, मी करते, आणि टाउन्सव्हिलच्या सुपरमार्केटमधून मसूर, कांदे, टोमॅटो घेतले. त्यानंतर दर दोन दिवसांनी निखाऱ्यावर मोठ्या लोखंडी भांड्यात खिचडी किंवा आमटी व्हायची आणि आयरिश मुलं वाटी पुसून खायची. गोडा मसाला आणि मेतकूट मी पॅकबंद नेलं होतं आणि विमानातल्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून स्पष्ट "हो" लिहिलं, अधिकाऱ्याने पाकिटं बघितली, दोन प्रश्न विचारले, सोडलं. लपवू नका, दंड जबर आहे. ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊच नका.

ॲलिस स्प्रिंग्जवरून उलुरू अजून साडेचारशे किलोमीटर, हे खूप जणांना माहीत नसतं, वाटतं गावाला लागूनच आहे. वाटेत रानटी उंट दिसतात. एकोणिसाव्या शतकात वाळवंटात सामान वाहायला उंट आणि उंटवाले आणले गेले, त्यांना सरसकट अफगाण म्हणत पण त्यातले बरेच सिंध, पंजाब, बलुचिस्तान, राजस्थानकडचे होते. आपल्या भागातली माणसं इतक्या लांब येऊन हा देश जोडत होती हे ऐकून मला फार बरं वाटलं.

उलुरूवर चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंद आहे, आणि ते योग्यच झालं. अनंगू लोक, म्हणजे उलुरूचे मूळ मालक, कित्येक वर्षं सांगत होते की चढू नका. पायथ्याशी १०.६ किलोमीटरची पूर्ण प्रदक्षिणा करा. लांबून गुळगुळीत वाटणारा खडक जवळ गेल्यावर घळी, गुहा, पाण्याची कुंडं, जुनी चित्रं यांनी भरलेला आहे. काही भागांचे फोटो काढायचे नाहीत, तिथे पाट्या आहेत, पाळा. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे: इतक्या लांबून आणून कंपनी उलुरूला एक संध्याकाळ आणि एक सकाळ देते, कल्चरल सेंटरला जेमतेम अर्धा तास. पार्कचा पास तीन दिवसांचा असतो, माणशी ३८ डॉलर, तो ट्रिपच्या किमतीत धरलेला नव्हता आणि हे बुकिंगच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात होतं. तीन दिवसांचा पास घ्यायला लावता तर निदान दोन दिवस तरी ठेवा. त्यापेक्षा एअरलीची एक हॉस्टेलची रात्र कमी करा, तिथे कोणाचं काही बिघडणार नाही.

उलुरूजवळचे काटा जुटाचे घुमटासारखे खडक छान, व्हॅली ऑफ द विंड्सचा ट्रेक चुकवू नका. किंग्ज कॅन्यनचा रिम वॉक सहा किलोमीटर, सुरुवातीचा चढ दमवतो, मग वरून कड्यांची उभी लाल भिंत आणि खाली झाडीत लपलेलं पाण्याचं कुंड. उन्हाळ्यात ३६ अंशांच्या वर अंदाज असला तर सकाळी नऊनंतर चढू देत नाहीत. म्हणून मे ते ऑगस्ट हाच काळ चांगला. उन्हं थोडी चढली की माश्या येतात, तोंडावर घालायची जाळी घ्या, रोडहाऊसमध्ये मिळते.

एकट्या बाईसाठी कसं आहे, हे मैत्रिणी विचारतात. मला एकदाही असुरक्षित वाटलं नाही. कॅम्पवर गाइड सगळ्यात कडेला झोपायचा, हॉस्टेलला फक्त मुलींची डॉर्म मागितली तर मिळाली. एअरलीत दारू पिऊन आरडाओरडा करणारे होते, पण ते आमच्या ग्रुपचे नव्हते. व्हॅनमध्ये जागा रोज बदलायचा नियम होता, त्यामुळे सगळ्यांशी बोलणं झालं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर मात्र विचार करा, दिवसाला आठ-नऊ तास बसावं लागतं.

बुक करताना एवढं विचारा: सॅटेलाइट फोन आहे का, पार्क फी धरली आहे का, स्लीपिंग बॅग कितपत थंडीची आहे, रिचमंडला किती वेळ थांबता आणि उलुरूला किती रात्री. ट्रिप ॲलिसला संपते, परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, रस्त्यात पंक्चर झालं तर पंचाईत होईल. एक रात्र तिथेच राहा, १८७२ चं टेलिग्राफ स्टेशन चालत जाऊन बघता येतं.