फॉन बोर्क की मॅक्लेलन?

अमेरिकन यादवीत दक्षिणेकडून लढलेला सेनानी जेब स्टुअर्ट याचं घोडदळ त्याच्या एखाद्या स्टाफ ऑफिसरचं बोट धरून बघायचं, तर कुणाचं धरावं? मी दोघांच्या पुस्तकांत अडकलो होतो: हेरोस फॉन बोर्क आणि हेन्री मॅक्लेलन.

सुरुवात बोर्कपासूनच केली. धिप्पाड प्रशियन ड्रॅगून (घोडेस्वार), कमरेला अवजड सरळ तलवार, 1862 मध्ये उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून चार्ल्सटनला उतरलेला. छावणीतले नाच, स्टुअर्टतर्फे दक्षिणेचाच सेनापती जॅक्सन याला नेऊन दिलेला नवा कोट, हे सगळं तो फार रसाळ सांगतो. पण हा गडी जिथंतिथं हजर, आणि प्रत्येक ठिकाणी नायक! सहकाऱ्यांनाही ते रुचलं नव्हतं. एकेक प्रसंग दुसरीकडे ताडून बघता बघता माझी वही प्रश्नचिन्हांनी भरली, आणि वाचनातली मजाच गेली. शिवाय 19 जून 1863 ला मिडलबर्गला त्याच्या मानेत गोळी घुसली. त्यात त्याचा काय दोष? पण पुढच्याच महिन्यातल्या गेटिसबर्गच्या लढाईला तो नाही, आणि स्टुअर्ट तिथं उशिरा का पोचला हा त्याच्यावरचा मोठा वाद तर तिथलाच.

मॅक्लेलन फिलाडेल्फियाचा, व्हर्जिनियात मास्तरकी करायला आला आणि साधा शिपाई म्हणून भरती झाला. सख्खे भाऊ उत्तरेच्या फौजेत. उत्तरेचा सेनापती जॉर्ज मॅक्लेलन हा हेन्रीचा चुलतभाऊ, त्यामुळे शोधायला जावं तर आधी तोच समोर येतो. आपला हा हेन्री तसा बोरूबहाद्दर, पण 9 जून 1863 ला ब्रँडी स्टेशनच्या लढाईत फ्लीटवूड टेकडीवर शत्रू चढून येताना जवळ होती ती एकुलती तोफ आणि थोडे कसेबसे गोळे यांवर त्यानं वेळ मारून नेली.

माझं मत मात्र 23 जूनच्या रात्रीनं ठरलं. पाऊस पडतोय, स्टुअर्ट झाडाखाली झोपलाय, त्यानं पुढे कुठल्या वाटेनं जावं याबद्दल त्याचा वरिष्ठ सेनापती ली याचं गोपनीय पत्र येतं; गेटिसबर्गचा वाद याच वाटेचा. मॅक्लेलन ते फोडतो, वाचतो, स्टुअर्टला उठवून देतो आणि फोडल्याबद्दल बोलणी खातो. खाल्लेली बोलणी स्वतःच लिहून ठेवणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटला. अर्थात ते पत्र पुढे सापडलेलं नाही, तेव्हा इथंही डोळे मिटून चालू नये.

नुसती करमणूक हवी असेल तर बोर्क खुशाल घ्या. मॅक्लेलन घेतलात तर नकाशा जवळ असू द्या. रेजिमेंटांच्या याद्यांनी जीव मेटाकुटीला येतो, म्हणून सरळ ब्रँडी स्टेशनपासून सुरू करा. मागचं नंतर वाचता येतं.