काटा वर चढत नव्हता, म्हणून मी खूश होतो

दीड वर्षापूर्वी रत्नागिरीत एका एजंटकडून २००९ ची पेट्रोल गाडी घेतली, १ लाख २० हजारांना. बघायला गेलो तर गाडी सुरूच. "तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय, भाऊ." एप्रिलचा उकाडा, मलाही बरं वाटलं. तिथूनच परत फिरायला हवं होतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, त्यामुळे आत काय आहे ते मी बघणारच नव्हतो. त्याला तेच हवं होतं.

ट्रायल भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने. इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरसुद्धा आला नाही. बायकोला म्हटलं, बघ, इंजिन कसं थंड आहे!

महिन्याभराने कोल्हापूरला निघालो. साखरपा मागे पडलं, आंबा घाट लागला, सेकंड गिअरमध्ये चार वळणं झाली आणि काटा सरळ लाल रेषेवर. बॉनेटमधून वाफ. मागून आलेल्या ट्रकवाल्याने थांबून सांगितलं, "पाणी ओतू नका हां लगेच, इंजिनचं हेड तडकेल." देव त्याचं भलं करो. गाडी टोचन करून साखरप्याला आणली.

दुसऱ्या दिवशी गार इंजिन उघडून मेकॅनिक हसायलाच लागला. "काका, थर्मोस्टॅटच नाय हितं." इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं हे त्याचं काम. तोच काढून टाकला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, सपाटीला वाऱ्यावर इंजिन नीट तापतच नाही. फॅनही डायरेक्ट केलेला, चावी फिरवली की सुरू. एसीमुळे फिरतोय असं मी समजत होतो! झाकणाखाली बोट फिरवलं तर गंजट पाण्यात पिवळा चिखल. रेडिएटरची गळती बुजवायला हळद घातली होती. आणि एवढी सगळी लपवाछपवी कशासाठी, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचं हेड यांच्यामधली सील, गेलेलं. इंजिन सुरू केलं की तिथून गॅस शिरून रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे यायचे.

हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, रेडिएटर, सगळं मिळून २६ हजार. एजंटला फोन केला तर मलाच म्हणतो, "घाटात कशाला नेलीत? लोकल वापराची गाडी आहे ती."

परवा भाच्यासाठी गाडी बघायला गेलो, न कळवता, सकाळी सातला. आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. मग झाकण उघडून कूलंट पाहिलं, हिरवं, स्वच्छ. ऑइलच्या झाकणाला ताकासारखा फेस नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरल्याची खूण नव्हती. एसी बंद ठेवून गाडी जागेवरच सुरू ठेवली. काटा हळूहळू अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबला, थोड्या वेळाने फॅन आपणहून लागला, आपणहून बंद झाला. भाचा कंटाळून पायरीवर बसला होता.

मालक लुंगी सावरत म्हणाले, "आधी फोन केला असतात तर स्टार्ट करून ठेवली असती की हो."