गुडघा बदलायचा: पुण्यातला रोबोट की सांगलीतलं छोटं हॉस्पिटल?

गुडघा बदलायचाच, हे ठरलं असेल तरच पुढचं वाचा. 'अजून थोडे दिवस तेल लावून बघू' या टप्प्यावर असाल तर याचा तुम्हाला आत्ता उपयोग नाही. माझे दोन्ही गुडघे बदलून झालेत. उजवा पुण्यातल्या एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात, रोबोटच्या मदतीनं. डावा त्यानंतर काही वर्षांनी सांगलीत, वीसेक खाटांच्या हॉस्पिटलात, नेहमीच्या हातपद्धतीनं. त्यामुळे नात्यातले, कॉलनीतले लोक फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोबोट घ्यावा का?

खरं तर रोबोट की हात आणि मोठं हॉस्पिटल की छोटं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण आपल्या भागात ते जोडीनंच येतात. यंत्राची किंमत अशी असते की ते मोठ्यांनाच परवडतं, आणि एकदा घेतलं की रस्त्यावरच्या होर्डिंगवर लावावंच लागतं. म्हणून मीही दोन्ही एकत्रच घेतो.

रोबोटचं आधी उरकतो. आजचे बहुतेक रोबोट स्वतःहून काही कापत नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच. हात सर्जनचाच असतो, यंत्र त्याला आखलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही किंवा कापायच्या खाचा नेमक्या जागी धरून देतं. माको नावाचं यंत्र असेल तर आधी सीटी स्कॅन करावा लागतो, कोरीसारख्या यंत्राला तो लागत नाही. माझ्या नडगीच्या हाडात यंत्राला दिशा कळावी म्हणून पिना बसवल्या होत्या. त्यांच्या दोन खुणा अजून आहेत आणि सुरुवातीचे काही आठवडे मूळ जखमेपेक्षा त्याच जास्त ठणकत होत्या. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्क्रीनवरचा आलेख दाखवला: पाय आधी किती अंशांत वाकडा होता, आता किती सरळ आहे. बघून बरं वाटलं, हे नाकारत नाही.

फायदा आहे का? सांधा ठरवल्याप्रमाणे सरळ बसण्यात आहे, याबद्दल फारसा वाद नाही. पण तो सरळपणा आपल्याला चालताना जाणवतो का, इथे गाडी अडते. दक्षिण कोरियात सोलच्या सर्जननी चौदाशेच्या वर रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, अर्ध्यांना रोबोट, अर्ध्यांना हात, आणि त्यांचा किमान दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२० मध्ये निष्कर्ष छापले: दुखणं, हालचाल, सांधा टिकणं, कशातही म्हणण्यासारखा फरक नाही. आता हेही खरं की त्यात वापरलेलं यंत्र रोबोडॉक, म्हणजे जुन्या पिढीचं. आजची यंत्रं वेगळी आहेत आणि त्यांची दहा-पंधरा वर्षांची कहाणी अजून घडायची आहे. त्यामुळे रोबोट थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. माझा उजवा गुडघा डाव्यापेक्षा थोडा जास्त वाकतो, पण तो बदलला तेव्हा मी तरुण होतो आणि व्यायामाला कंटाळलो नव्हतो. जिना चढताना कुठला रोबोटचा आणि कुठला हातानं केलेला हे मलाही विचार करून सांगावं लागतं. मांडी घालून पाटावर बसणं दोन्ही गुडघ्यांना सारखंच मना आहे.

पैशांचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा साधारण पंचावन्न हजार, जीएसटी वेगळा. म्हणजे आतला धातू पुण्यात घेतला काय आणि सांगलीत घेतला काय, फार फरक पडू नये. फरक पडतो तो खोलीचं भाडं, ऑपरेशन थिएटरचे चार्जेस आणि रोबोट यांत. खोली जेवढी भारी तेवढे बाकीचे आकडेही चढतात, हे बिल हातात आल्यावर कळतं. विमा असेल तर एक गोष्ट नीट पाहा. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमानुसार रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीत धरावी लागते, पण कंपनीला तिच्यावर पोटमर्यादा, म्हणजे तेवढ्या खर्चापुरती वेगळी कमाल रक्कम, घालायची मुभा आहे. माझ्या पॉलिसीत ती होती, त्यामुळे रोबोटचा बराचसा भार खिशातून गेला. उलट सांगलीत कॅशलेसच नव्हतं. सगळे पैसे आधी भरले, कागदांची फाईल पाठवली आणि परतावा येईपर्यंत मेलवर मेल केले. तेव्हा या बाबतीत दोघांनीही छळलं.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लावला, ती सांगतो. रात्र.

पुण्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवीची नळी काढली. सिस्टरनं बजावून सांगितलं, 'काका, एकट्यानं उठायचं नाही. बेल वाजवायची, आम्ही येतो.' पहाटे दोनच्या सुमारास लागली. वॉकर खोलीच्या पार कोपऱ्यात, झाडलोट करताना कुणीतरी सरकवून ठेवलेला. बेल दाबली. दारावरचा तांबडा दिवा लागला, बाहेर टिंग-टिंग सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बायको डोकावून आली. म्हणाली, तीन-चार खोल्यांवर दिवे लागलेत. एक सिस्टर काउंटरवर खांद्यानं फोन कानाशी धरून लॅबचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होती, दुसरी कुठल्यातरी खोलीत उलट्या आवरत होती, आणि अख्ख्या मजल्याला असलेला एकुलता एक वॉर्डबॉय मामा कुणाला तरी एक्स-रेला घेऊन खाली गेला होता. पुन्हा दाबली. पुन्हा टिंग-टिंग. शेवटी बायको म्हणाली, चला, मी धरते. तिचं वजन पन्नासच्या आत, माझं ऐंशीच्या वर. बाथरूमच्या उंबऱ्याशी ऑपरेशनचा पाय दगा देऊन गेला. बेसिनची कड हाताला लागली म्हणून खाली आलो नाही. नवीन सांध्यावर पडणं म्हणजे काय हे डॉक्टरांना विचारा: टाके उसवतात, कधी सांध्याशेजारचं हाडच मोडतं, आणि ते दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड.

सिस्टर आली तेव्हा मी पलंगावर परतलो होतो. बिचारीचा चेहरा पडला होता. 'काका, मजल्यावर आम्ही दोघीच आहोत,' एवढंच म्हणाली. तिच्यावर काय चिडणार? लातूरकडची मुलगी, जर्मन शिकत होती, परीक्षा तोंडावर होती. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत, ही बातमी नंतर वाचली तेव्हा तीच आठवली. आखाती देश तर पहिल्यापासूनच आहेत. तिथला पगार आणि इथला पगार पाहिला तर कुणी राहावं तरी कशाला. तोटा आपला होतो तो असा की दर पाळीला नवा चेहरा येतो आणि दर चेहऱ्याला आपण 'कुठला पाय, कुठल्या औषधाची ॲलर्जी' इथपासून सांगत बसतो.

सकाळी एक चुणचुणीत मुलगी टॅब घेऊन आली. 'सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?'

सांगलीत रात्री आठेक पेशंट, एक सिस्टर, एक मावशी. सिस्टर पन्नाशीच्या आसपासची, त्याच हॉस्पिटलात वर्षानुवर्षं असलेली. बेल वाजवायची वेळ फारशी आलीच नाही, कारण झोपायच्या आधी ती स्वतः यायची. 'चला काका, एकदा जाऊन येऊ, मग रात्रभर कटकट नको.' मला उठवायच्या आधी वॉकर हाताशी आणायची, पायातली चप्पल बघायची, फरशी ओली नाही ना बघायची, आणि जाताना बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार अर्धवट लोटायची. पोटरी दाबून दुखतंय का, पायाची बोटं हलतायत का, हे बोलता बोलता तपासून घ्यायची. यातलं काही होर्डिंगवर लावण्यासारखं नाही.

हा माझ्या एका रात्रीचा राग आहे असं कुणी म्हणेल, आणि काही अंशी असेलही. पण नर्सच्या संख्येवर झालेलं संशोधन माझ्या रागाच्या बाजूनं आहे. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. तीनशे हॉस्पिटलं, शस्त्रक्रिया झालेले सव्वाचार लाखांच्या आसपास रुग्ण, त्यांत हाडांच्या ऑपरेशनवालेही. एका नर्सवरचा भार एका रुग्णानं वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. युरोपाचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असं नाही, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण मुळात फारच कमी असतं. तरी दिशा कळते. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे, साध्या सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडे प्रमाण कागदावर ठरलेलं आहे. रात्री दोन वाजता मजल्यावर येऊन ते मोजतं कोण? सर्जनच्या हातातल्या यंत्राची चर्चा तासभर होते, आणि त्यानंतरचे तीन दिवस कुणाच्या भरवशावर काढायचे याची पाच मिनिटंही होत नाही.

आता छोट्या हॉस्पिटलचं दुखणं, म्हणजे पक्षपात केला असं व्हायला नको. तिथे रात्रीचे आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, आयुर्वेदाची पदवी असलेले होते. माणूस चांगला, पण काही गंभीर झालं असतं तर त्यांनी फोनच केला असता. आयसीयू म्हणावं असं नाही. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, केस उरकून पुढच्या हॉस्पिटलात जाणार. रक्त लागलं तर मुलगा मोटरसायकलवरून रक्तपेढीत. शिवाय सगळ्याच छोट्या ठिकाणी अशी सिस्टर मिळते असंही नाही. कित्येक ठिकाणी बारावी झालेल्या मुलींना दोन महिने हाताखाली ठेवून पांढरा कोट चढवतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. अनुभवी, नोंदणीकृत सिस्टर नसेल तर माझं वरचं सगळं कौतुक रद्द समजा.

आणि संसर्ग. सांध्यात पू झाला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. शंभरात एखाद-दोघांना ते चांगल्या ठिकाणीही होतं. सांगलीच्या डॉक्टरांना मी हे सरळच विचारलं. त्यांनी थिएटर दाखवलं. सांधे बदलण्याचा वार वेगळा ठेवतात, त्या दिवशी गळू-बिळू काही कापायला घेत नाहीत म्हणाले. शिवाय ते आठवड्याला किती गुडघे करतात हेही विचारलं. रोबोट असो वा नसो, ज्याचा हात रोज त्याच कामात आहे त्याच्याकडे जावं. महिन्यातून एखादा गुडघा करणारा असेल तर हॉस्पिटल कितीही घरगुती असो, मी तिथे गेलो नसतो.

हृदयाचा त्रास, स्टेंट, डायलिसिस, ताब्यात नसलेली साखर, झोपेत श्वास अडकणं, असलं काही असेल तर मोठंच हॉस्पिटल. तिथे वाद घालू नका. दोन्ही गुडघे एकाच वेळी करणार असाल तरीही माझं मत मोठ्याकडे झुकेल. पाय फारच वाकडा असेल, किंवा आधीच्या अपघाताची पट्टी-स्क्रू हाडात असतील, तर रोबोटचा उपयोग नक्की होऊ शकतो. तुमच्या सर्जनला विचारा. पण साधारण तब्येतीचा माणूस, एक गुडघा, आणि गावात रोज हेच काम करणारा सर्जन असेल, तर माझा हात हळूच सांगलीच्या पारड्यावर जातो. टाके काढायला, फिजिओला, 'जरा लाल दिसतंय' म्हणून दाखवायला अडीचशे किलोमीटर जावं लागत नाही, हेही त्यात आलंच.

ठरवायच्या आधी एक करा. ओपीडीच्या वेळी सगळीच हॉस्पिटलं चकाचक दिसतात. तिथे कुणी ओळखीचं दाखल असेल तर रात्री दहानंतर सोबतीला म्हणून जा. किती सिस्टर आहेत, किती खाटा भरल्यात, बेल वाजली की किती वेळानं कोण येतं, ते बघा. ओळखीचं कुणी नसेल तर काउंटरवर विचारा, 'रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती पेशंट?' काही ठिकाणी चटकन आकडा सांगतात. काही ठिकाणी 'काळजी करू नका' म्हणतात.

माझे मेहुणे पुढच्या महिन्यात पुण्यातच करणार आहेत, त्याच हॉस्पिटलात, रोबोटनं. त्यांना दोन स्टेंट आहेत, त्यामुळे मीच तिकडे जा म्हटलं. फक्त खोली नर्सिंग काउंटरच्या समोरची मागून घ्यायला सांगितलीय, आणि पहिल्या तीन रात्रींसाठी एक माणूस पैसे देऊन ठेवायला. बहिणीला त्यांचं वजन पेलणार नाही.