तंबू टाकून देतो म्हणाला आणि 4,83,500 रुपये घेऊन गेला

आधी आकडा सांगतो, कारण तोच सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते: 4,83,500 रुपये. टोकन 51,000. तंबू, बांबूचा डेक आणि दोन संडास-बाथरूम यांचे 3,60,000. सरकारी नोंदणीच्या फाईलचे 48,500. जाहिरातीचे 24,000. यातले दोन लाख बायकोच्या सोन्यावर उचललेले. घरात काय वातावरण असेल ते वेगळं सांगायला नको.

भंडारदऱ्याच्या बाजूला पाण्याच्या काठाला आमची सव्वा एकर जमीन आहे. मे अखेरीस काजवे सुरू झाले की शनिवार-रविवारी रस्त्याला गाड्यांची रांग लागते. ज्यांच्याकडे तंबू आहेत ते कमावतात, आम्ही भात लावून हिशोब करत बसतो. म्हणून 'हाव नडली' असं कुणी म्हणू नये.

मग हा तंबू टाकून देणारा भेटला. असल्यांचं बोलणं कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. जागा तुमची, सेटअप आमचा, बुकिंग आम्ही आणणार, वर अनुदानही काढून देणार. नोटरीपुढे करारसुद्धा झाला. (नोटरी सह्या बघतो, माणूस खरा की खोटा ते नाही. कराराच्या कागदावर विसंबू नका.)

जीएसटीचं बिल पाहिजे म्हणून हट्ट मीच धरला होता. म्हणजे मी काही डोळे झाकून पैसे दिले नाहीत. बिल आलं. नंबरची सुरुवात 24 ने. आपल्या राज्याचा कोड 27. खताच्या, औषधाच्या प्रत्येक बिलावर वर्षानुवर्षं तेच बघतोय. 24 म्हणजे गुजरात, आणि हा गडी स्वतःला नाशिकचा म्हणवत होता. मी त्या 24 वर बोट ठेवून विचारलंसुद्धा. 'हेड ऑफिस तिकडं आहे ना दादा,' म्हणाला, आणि मी बोट उचललं. तेव्हा फक्त टोकनचे 51,000 गेले होते! जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव-पत्ता फुकटात दिसतो. मी टाकला तो सगळं झाल्यावर. टाइल्सच्या दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. पण त्या वेळी बांधावर टेम्पो उभा, बांबू खाली होतायत, काजव्यांचा सीझन तोंडावर. अशा वेळी कोण साइट उघडून बसतं? तुम्ही बसला असता का?

नोंदणीचं तर आठवलं की डोकं फिरतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि पहिल्या नोंदणीची फी आहे 2,500. अडीच हजार! सातबारा, आधार, पॅन, लाइट बिल असले कागद आणि 'ग्रास' या सरकारी पैसे भरायच्या साइटवर भरलेलं चलन. त्या चलनावर जीआरएन, म्हणजे पैसे भरल्याचा सरकारी नंबर असतो. 'तुमची फी भरली' असं कुणी म्हणालं की तो नंबर मागा, बाकी एक शब्द ऐकू नका. मला व्हॉट्सअॅपवर जे प्रमाणपत्र आलं त्यावर गट नंबर शेजाऱ्याचा. 'टायपिंग मिस्टेक.'

तंबू आले सहा. दोन तंबूंच्या चेन लागेनात. एकाच्या तळाला दुसऱ्याच कुठल्या तरी कॅम्पचं नाव, वर काळा रंग फासलेला, उन्हात धरलं की अक्षरं दिसत. डेक ठोकला तो धरणाच्या बुडीत क्षेत्रात, आणि नोटीस माझ्या नावाने. काठावर काहीही उभं करायच्या आधी हद्द मोजून घ्या.

मग एका शनिवारी रात्री मुंबईची दोन कुटुंबं दारात. माणशी 1,500 भरल्याचे स्क्रीनशॉट हातात, क्यूआर कोड त्याचा, फोटो माझ्या रानाचे. लहान पोरं झोपेला आलेली. त्यांना घरात जागा दिली, पिठलं-भाकरी केली, आणि शिव्याही मीच खाल्ल्या. तेव्हापासून त्याचा फोन बंद.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, 'थोडं काम केलंय ना, मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' दुसरे म्हणाले, पैसे ज्या शाखेत गेले तिथल्या ठाण्यात जा. सायबरवाले म्हणाले, आरटीजीएस तुम्ही स्वतः केलंय, हे आमच्यात बसत नाही. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात आधी बँकेचं लेखी आणा. एका कचेरीत तर मलाच उलट विचारलं, 'तुम्ही एनए (जमीन बिगरशेती) केलं होतं का?' म्हणजे चोर मोकळा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मी! हद्दीचं कारण सांगून गुन्हा टाळता येत नाही, बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट आहे. ठाण्यात घेतलं नाही तर त्याच कलमाखाली एसपींना टपालाने लेखी पाठवता येतं. हे मला वकिलाने सांगितलं. खुर्चीवर बसलेल्या एकानेही नाही. पाठवलंय. पोच आली, पुढे शांतता.

पैसे जाताच संशय आला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तेव्हाच्या तेव्हा फोन करा. खात्यात शिल्लक असेल तोवरच अडवता येतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथे केस टाकतोय. समोरचा 'हा धंद्यासाठीचा व्यवहार' म्हणेल, तेव्हा हे स्वतःच्या पोटापाण्यासाठी होतं हे दाखवायचे कागद जमवून ठेवलेत.

त्याचं बुकिंगचं पेज नाव बदलून अजून चालू आहे. पाण्याकडे कललेलं जांभळीचं झाड, मागे निळी टाकी आणि सहा तंबू असा फोटो दाखवून कुणी काजव्यांचं बुकिंग घेत असेल तर एक रुपया पाठवू नका. ते रान माझं आहे आणि तंबू मी कधीच उतरवलेत.