माझ्याच नंबरावरून गेलेली फाईल

माझ्या दोन पिकअप गाड्या आहेत. हंगामात तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमधून बेदाण्याच्या पेट्या उचलायच्या आणि सांगलीच्या मार्केट यार्डात पोचवायच्या, मग हळद, आणि बाकी वर्षभर मिळेल ते भाडं. पंधरा वर्षं हाच धंदा आहे. पैशाच्या बाबतीत मी ढिला माणूस नाही, डिझेलची पावतीसुद्धा जपून ठेवतो. हे आधीच सांगतो, कारण ऑनलाइन फसणारी माणसं अडाणी किंवा हावरी असतात असं मलाही वाटायचं. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारपर्यंत वाटत होतं.

त्या दिवशी सौदे लांबले. गाडी खाली करून घरी यायला साडेसात झाले. पाय धुऊन बसतो तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल आली, नाव ‘आरटीओ चलन’. पाठवणारे तासगावच्या एका व्यापाऱ्याकडचे दिवाणजी. यांच्याशी माझा रोजचा व्यवहार. वजनाची पावती, गेटपासचा फोटो, सगळं त्यांच्याच नंबरावरून येतं. मला वाटलं, गाडी त्यांच्या मालावर होती, कवलापूरजवळ ड्रायव्हरनं वेग वाढवला असेल, चलन फिरत फिरत त्यांच्याकडं गेलं असेल. खाली लिहिलं होतं, ‘आजच भरा, अन्यथा वाहन जप्त होईल.’ दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी भरायची होती. जप्ती म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

आता मागं वळून बघताना कळतं, की त्या मेसेजमध्ये माझ्या गाडीचा नंबरच नव्हता. एमएच-१० सुद्धा कुठं लिहिलेलं नव्हतं. खऱ्या चलनात गाडीचा नंबर असतो, चलनाचा क्रमांक असतो. आणि फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं होती. फोटो असता तर जेपीजी असतं, कागद असता तर पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये नवीन अ‍ॅप बसवणारी फाईल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

उघडायला गेलो तर फोननं स्वतःच सावध केलं, की अशा ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप धोक्याचं असू शकतं. मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. मग त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, कॉन्टॅक्टची मागितली. मी देत गेलो. पडद्यावर पोलिसांसारखं चिन्ह आलं, गाडीचा नंबर विचारला, आणि चलनाचा तपशील बघायला फक्त १ रुपया भरा म्हणाला. एक रुपयाला काय विचार करायचा? डेबिट कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. गोल चक्र फिरत राहिलं आणि ‘सर्व्हर व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं आलं. फोन चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो.

रात्री अकराला ड्रायव्हरचे पैसे पाठवावेत म्हणून बँकेचं अ‍ॅप उघडलं. खात्यातून ४९,९९९ रुपये दोनदा गेले होते. संध्याकाळपासून फोन माझ्या हाताशी होता, पण मेसेजचा आवाजसुद्धा झाला नव्हता. पुढं सायबर पोलीस ठाण्यातल्या बाईंनी समजावलं. ते अ‍ॅप येणारा प्रत्येक मेसेज आधी स्वतः वाचत होतं, ओटीपी तिकडं पाठवत होतं आणि माझ्या नजरेला पडू देत नव्हतं. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे मी शंभरदा ऐकलंय आणि पाळलंयही. या प्रकारात सांगायची गरजच पडत नाही, फोनच सांगून मोकळा होतो.

यापुढचे आठ तास मला सगळ्यात जास्त सांगायचेत.

अकरा ते सकाळी सात, मी कुणालाच काही बोललो नाही. बायको आत झोपली होती. दुसरी गाडी घेताना ती म्हणाली होती, “अहो, एवढं कर्ज नको, एकाच गाडीवर भागवू.” मी ऐकलं नव्हतं. पाच तारखेला त्याच गाडीचा हप्ता होता आणि त्या हप्त्याचे पैसे त्याच खात्यात होते. तिला उठवून कुठल्या तोंडानं सांगू? गॅलरीत जाऊन बसलो. बँक दहाला उघडते, दहाला जाऊ, तोवर कुणाला कळायला नको, असं स्वतःला समजावत राहिलो. दोन वाजता आत येऊन आडवा झालो. डोळा लागला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी आणखी ३८,५०० गेले.

पोरगा अकरावीला आहे. क्लासला निघाला होता, त्यानं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, “पप्पा, काय झालं?” तेव्हा कुठं तोंडातून शब्द फुटला. त्यानं माझ्या हातातला फोन घेऊन आधी एरोप्लेन मोडवर टाकला, म्हणजे मेसेज आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही थांबलं. मग आईच्या फोनवरून १९३० लावला. कार्ड बंद करायला बँकेच्या हेल्पलाइनलाही तिच्याच फोनवरून फोन केला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरातला एकच नंबर आहे, आणि तो रात्रीही चालू असतो. बँकांची तक्रारीची हेल्पलाइनही रात्रभर चालू असते. मी दहा वाजायची वाट बघत बसलो होतो ती कुणासाठी, हा विचार अजून मला खातो. १९३० वर खाते क्रमांक, व्यवहार कधी झाला, किती रकमेचा झाला, त्याचा संदर्भ क्रमांक असं विचारतात. ते हाताशी असलं तर बरं, पण शोधण्यात वेळ घालवू नका, आधी फोन लावा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेला लगेच कळतं आणि तिथं जे शिल्लक असेल ते अडवून ठेवतात. चोरांचं स्वतःचं खातं नसतंच. गरजू पोरांना चार पैसे देऊन त्यांच्या नावाची खाती वापरतात, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून काढून घेतात. रात्रीचे माझे ९९,९९८ रुपये सकाळ व्हायच्या आत असे निघून गेले. सकाळच्या ३८,५०० मधले ३१,००० एका खात्यात अडकले. ते अजून मिळायचे आहेत, अर्ज दिलाय.

बँकेत साहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून मी खुर्चीतच खचलो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकानं स्वतःच कार्डाची माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडंच काही घडलंय, असं असेल तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकावर काहीच पडत नाही. म्हणजे मी रात्री अकरालाच कार्ड बंद करायला सांगितलं असतं, तर सकाळचे ३८,५०० बहुतेक गेलेच नसते, आणि गेले असते तर त्याला जबाबदार बँक असती. लाजेपायी तेही माझ्याच गळ्यात पडले.

विश्रामबागला सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तेव्हा मी घाईत ती फाईल पुसून टाकायला निघालो होतो. बाईंनी थांबवलं. आधी त्या मेसेजचा, फाईलच्या नावाचा, पाठवणाऱ्या नंबराचा स्क्रीनशॉट घ्या, पुरावा तोच आहे, म्हणाल्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी उघडून दाखवली. त्या अ‍ॅपचं चित्र स्क्रीनवर कुठं दिसत नव्हतं, पण यादीत ते होतं, आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी होती. शेवटी त्यांनी सगळा फोन रीसेट करायला लावला, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन घालून दिला आणि जोडलेली बाकीची उपकरणं काढून टाकली. खरं चलन बघायचं तर राज्याचं महाट्रॅफिकईचलान किंवा केंद्राचं ईचलान परिवहन, ही संकेतस्थळं आपण स्वतः टाइप करून उघडायची. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असलंच पाहिजे. गाडीचा नंबर टाकला की सगळं दिसतं. मी तिथंच टाकून बघितला. माझ्या दोन्ही गाड्यांवर एकही चलन नव्हतं.

चार दिवसांनी एक फोन आला. “सायबर सेलमधून बोलतोय. तुमचे ३१,००० मोकळे करायचे आहेत, ४,९०० प्रोसेसिंग फी भरा, अर्ध्या तासात खात्यात जमा होतील.” अडकलेली रक्कम त्याला बरोबर माहीत होती. कशी, ते मला आजही कळलेलं नाही. मी पैसे पाठवायच्या बेतात होतो, एवढा हताश होतो. बायकोनं फोन काढून घेतला आणि ठाण्यातल्या बाईंना लावला. त्या म्हणाल्या, पोलीस पैसे सोडवायला कधीच फी मागत नाहीत, एकदा फसलेल्याला हे लोक दुसऱ्यांदा गाठतात. ज्यांचं आधीच गेलंय त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

यार्डात सांगायला मला आठवडा लागला. चहाच्या टपरीवर एकदाचं बोललो, आणि गंमत बघायला जमतात तशी माणसं जमतील असं वाटलं होतं. पण शेजारचे अडते खाली बघून म्हणाले, “माझंही गेलंय, घरात अजून सांगितलं नाही.” त्यांना कुणीतरी मालाचे पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन कधी लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. एका हमालाला ‘आज रात्री लाइट कापणार’ असा मेसेज आला होता, खाली दहा आकडी मोबाइल नंबर. तो म्हणाला, “पोरीची परीक्षा हुती, लाइट गेली तर ती वाचणार कशी?” त्यानं फोन लावला, समोरच्यानं एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, आणि याच्या फोनचा पडदा तिकडं दिसायला लागला. दोघंही रोज माझ्याशेजारी चहा प्यायचे. एकानंही आधी तोंड उघडलं असतं, तर मी ती फाईल उघडायच्या आधी थांबलो असतो.

आणि आता जे सांगताना माझा हात जड होतो ते.

त्या रात्री मी गॅलरीत बसलो होतो तेव्हा माझ्या नंबरावरून तीच फाईल सगळीकडं जात होती. भिशीच्या गटात, भावकीच्या गटात, शाळेच्या बॅचच्या गटात. दिवाणजींचंही तसंच झालं होतं. त्यांच्या फोनमध्ये शिरलेल्या अ‍ॅपनंच मला ती पाठवली होती, त्यांना पत्ताही नव्हता. सकाळी सात वाजल्यापासून बायकोच्या फोनवर माणसं विचारत होती, “दादांनी हे काय पाठवलंय?” ज्यांनी विचारलं ते वाचले.

मिरजेच्या काकूंनी विचारलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यात, घरी एकट्याच असतात. चौथीत त्यांनी मला शिकवलंय. त्यांच्याकडं गाडी नाही, स्कूटरसुद्धा नाही. तरी त्यांनी ती फाईल उघडली, सांगितलं तसं भरलं, आणि पेन्शनचे २२,००० गेले.

मी भेटायला गेलो. त्यांनी चहा टाकला, माझ्यासमोर बशी ठेवली आणि शेजारी बसल्या. मी विचारलं, “काकू, तुमच्याकडं गाडीच नाही, चलन कशाला उघडलंत?”

“मला वाटलं तुझंच चलन आहे,” त्या म्हणाल्या. “अडचणीत असशील, भरायला जमत नसेल म्हणून पाठवलंस. एक रुपयाच मागत होते. तुझं नाव बघितलं आणि भरला.”

मला चहा गिळवेना. त्यांचा फोन घेऊन ते अ‍ॅप शोधलं, स्क्रीनशॉट काढले, त्यांच्याच घरातून लँडलाइनवरून १९३० लावला. त्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं देतोय, त्या नको म्हणतात तरी. मग गटागटात एकेकाला फोन करून सांगितलं, की ती फाईल माझ्या नंबरावरून आलीय पण मी पाठवलेली नाही, उघडली असेल तर आत्ताच फोन एरोप्लेन मोडवर टाका. एकशे चाळीस जणांना फोन केले. दोन दिवस भाडं घेतलं नाही.

परवा दुपारी यार्डात गाडी लावत होतो तर काकूंचा फोन आला. म्हणाल्या, “एका विद्यार्थ्यानं लग्नाची पत्रिका पाठवलीय. शेवटी ती तीन अक्षरं आहेत बघ. मी उघडलेली नाही. आधी त्याला फोन करते, मग तुला सांगते.”

दहा मिनिटांनी पुन्हा त्यांचा फोन आला. त्या पोराचं लग्न मागच्या वर्षीच झालं होतं. त्याचा फोन काकूंनी एरोप्लेन मोडवर टाकायला लावला होता आणि १९३० नंबर त्याच्या बायकोला लिहून घ्यायला लावला होता.