डोंगरातल्या गावाची पाण्याची लाइन: जीआय घ्यावी की एचडीपीई?

वर झरा, खाली टाकी आणि मध्ये गंजलेली जुनी लाइन. मेळघाटात अशी गावं पुष्कळ आहेत. जलजीवन मिशनचा माणशी रोज 55 लिटरचा हिशेब मांडला की ती लाइन पुरत नाही हे उघड होतं, आणि ग्रामसभेत प्रश्न येतो तो पाइपचा: जस्ताचा थर दिलेला लोखंडी (जीआय) घ्यावा की प्लास्टिकचा (एचडीपीई). आमच्या पाणी समितीने यावर बराच खल केला. ज्यांचं अजून ठरायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो.

जीआयची बाजू कमजोर नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. ती आग पसरली तर उघड्यावरचा एचडीपीई वितळतो, जीआयला सहसा काही होत नाही. नाल्यावरून लाइन न्यायची असेल तर खांबांवर तो सरळ राहतो, एचडीपीई लोंबतो. घ्यायचाच तर निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा (मीडियम) घ्या. पिवळ्या पट्ट्याचा हलका पाइप या कामाला नको असं माझं मत.

पण जीआयची दुरुस्ती ज्याने जवळून पाहिली, त्याला माझं म्हणणं पटेल. गळती बहुतेक सॉकेटवर, कारण आटे पाडले की तिथला जस्ताचा थर जातो आणि गंज तिथूनच धरतो. फिटर पाना लावतो. आटे गंजून एकजीव झालेले. जोर केला की गळता जोड जागचा हलत नाही, शेजारचा चांगला जोड मात्र फिरतो आणि तिथूनही पाणी सुटतं. मग पाइप कापा, डाय मारून नवे आटे पाडा, सुतळी-सफेदा लावा, युनियन (उघडता येणारा जोड) बसवा. हे सारं उतारावर, दगडात पाय रोवून, भर उन्हात. वर झऱ्याची धार बारीक झालेली आणि खाली टाकीपाशी बाया गुंड घेऊन खोळंबलेल्या. दर उन्हाळ्यात हेच पाहिल्यावर माझा कल ठरला.

एचडीपीईमध्ये जोडच कमी. 63 मिलिमीटरपर्यंतचा पाइप कॉइलमध्ये येतो. ट्रॅक्टर चढत नाही तिथे माणसं तो उलगडत नेतात आणि उताराच्या वळणाने तो स्वतःच वळतो. फुटला तर तेवढा तुकडा कापून कॉम्प्रेशन कपलर, म्हणजे पिळून घट्ट होणारा जोड, बसवायचा. हाताने होतं, गावातली पोरंसुद्धा करतात. मोठ्या व्यासाला मात्र जोड तापवून चिकटवावे लागतात. त्याचं मशीन आणि जनरेटर वर चढवणं सोपं नाही.

एचडीपीई उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणून खरी अडचण खोदाईची. काळ्या पाषाणात चर मारायला घाम फुटतो, पण उथळ पुरून भागत नाही. वरून जमीन वनखात्याची. वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) इथे कामी येतं: पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ठराव आधी करून ठेवा.

दाबाकडेही बघा. उंचीतल्या दर 10 मीटर फरकाला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब वाढतो. झरा टाकीपेक्षा 60 मीटरहून जास्त उंच असेल तर पीएन 6 चा, म्हणजे साधारण 6 किलो दाब पेलणारा, पाइप चालणार नाही. वरच्या दर्जाचा घ्या किंवा मध्ये दाब तोडणारी छोटी टाकी बांधा.

भाव व्यासाप्रमाणे बदलतात, ते इस्टिमेटमध्ये दिसतीलच. तुमची लाइन बहुतेक उघड्या खडकावरूनच जात असेल तर जीआयला नाही म्हणवत नाही. चर मारता येत असेल तिथे एचडीपीई, आणि नाला-खडकाच्या तुकड्यापुरता जीआय, असं मला बरं वाटतं. आणि काहीही घेतलं तरी चर बुजवण्याआधी लाइन भरून दाबाची चाचणी गावासमोर करून घ्या, त्याआधी समितीने बिलावर सही करू नये.